एचटीएन प्लॅनिंगमध्ये जेनेटिक अल्गोरिदम नेमका कुठे बसवावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. हाताशी शॉप नावाच्या प्लॅनरच्या धर्तीचा एचटीएन प्लॅनर आहे, म्हणजे मोठं काम (टास्क) आधी लिहून ठेवलेल्या पद्धतींनी (मेथडींनी) लहान कामांत फोडत थेट करता येणाऱ्या क्रियांपर्यंत नेणारा प्रोग्रॅम. डोमेन माल पोचवण्याचं आहे: 4 ट्रक आणि 40 पार्सलं. प्लॅनर पहिला प्लॅन झटक्यात देतो, पण तो फार महाग असतो, कारण एकच ट्रक पार्सलं एकेक करून पोचवत बसतो. म्हणून क्रियांची यादी हाच क्रोमोसोम धरून जेनेटिक अल्गोरिदम लावला, म्हणजे उमेदवार उत्तरांची (क्रोमोसोमांची) पिढ्यान्पिढ्या निवड, संकर (क्रॉसओव्हर) आणि बदल करत जाणारा शोध. कितीही पिढ्या चालवल्या तरी वैध प्लॅन एकही मिळाला नाही, आणि अवैधतेचा दंड वाढवला तेव्हा यादी आखूड होत होत रिकामी झाली. आता एन्कोडिंग (उत्तर क्रोमोसोममध्ये मांडण्याची रीत) बदलायचं, क्रॉसओव्हर बदलायचा, की नादच सोडायचा? आणि हे जीपीयूवर चालवून फायदा होईल का?

नाद सोडू नका, क्रियांची यादी सोडा. उत्क्रांतीला प्लॅन घडवायला लावू नका. प्लॅनर जिथे अडखळतो ते निर्णय तिच्या हाती द्या आणि त्या निर्णयांवरून प्लॅन उभा करण्याचं काम प्लॅनरकडेच ठेवा. पुढे जे लिहितो आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी ती रिकामी यादी. रिकाम्या यादीत एकही पूर्वअट (क्रियेआधी जे खरं असावं लागतं ते) मोडत नाही, त्यामुळे तिला दंड शून्य. तुमच्या फिटनेसने, म्हणजे गुण देणाऱ्या सूत्राने, जे मागितलं तेच अल्गोरिदमने दिलं, त्याला दोष देता येणार नाही. आणि वैध प्लॅन का सापडला नाही, याचा हिशेब कागदाच्या पाठीवर होतो. समजा यादीतल्या प्रत्येक जागी यादृच्छिक निवडलेली क्रिया त्या अवस्थेत चालण्याची शक्यता पाचात एक आहे. मग 20 पावलं सलग चालण्याची शक्यता 5 च्या 20 व्या घातात एक, म्हणजे सुमारे 95 लाख कोटींत एक. तुमच्या प्लॅनमध्ये नुसते चढवणे-उतरवणेच 80 आहेत, गाडी हाकणं वेगळंच.

साध्या, म्हणजे श्रेणी नसलेल्या प्लॅनिंगमध्ये लोकांनी हा मार्ग चालून पाहिलेला आहे. सिनर्जी हा जेनेटिक प्रोग्रॅमिंगवर (प्रोग्रॅमच उत्क्रांत करण्याच्या पद्धतीवर) बेतलेला प्लॅनर 1997 चा. तिथे निदान एक आधार असतो: यादी चालवून बघायची, किती पूर्वअटी मोडल्या ते मोजायचं, शेवटची अवस्था ध्येयापासून किती दूर राहिली ते बघायचं. चढ कुठल्या बाजूला आहे एवढं तरी कळतं. एचटीएनमध्ये तोही आधार जातो, कारण इथे ध्येय म्हणजे अवस्था नव्हे. वरची टास्क मेथडींनी फोडत फोडत खाली आल्यावर जी क्रमवारी निघते तोच प्लॅन. एखादी यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनतक्रार चालली, सगळी पार्सलं पोचली, तरीही ती त्या विघटनातून निघत नसेल तर ते उत्तर नाही. आणि दिलेली यादी विघटनातून निघते की नाही हे तपासणं हाच मुळात अवघड प्रश्न आहे. बेंके, होलर आणि बिउंडो यांनी 2015 मध्ये दाखवलं की अंशतः क्रम ठरलेल्या एचटीएनसाठी ही पडताळणी एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे ती नेहमी झटपट करण्याची रीत कोणालाच माहीत नाही. (सगळा क्रम ठरलेला असेल तर ती व्याकरणाच्या पार्सिंगसारखी बहुपदी, म्हणजे आवाक्यातल्या, वेळात होते.) म्हणजे फिटनेस मोजण्याच्या एका कॉलमध्ये तुम्ही एनपी-कम्प्लीट प्रश्न बसवणार, आणि तो प्रत्येक पिढीत शंभरदा सोडवणार. घोड्यापुढे गाडी जुंपण्याचाच प्रकार.

आता दुसरी गोष्ट, जी तुमच्या प्रश्नात नाही पण तुमच्या तक्रारीत आहे. ट्रक पार्सलं एकेक करून का नेतो? 1999 च्या शॉपमध्ये उपटास्कचा क्रम पूर्ण ठरलेला असतो. पार्सल पोचवायच्या टास्कची मेथड म्हणते: ट्रक तिथे न्या, चढवा, इथे आणा, उतरवा. ही टास्क संपल्याशिवाय पुढची सुरूच होत नाही. मग एका फेरीत दोन पार्सलं चढवणं हे तुमच्या डोमेनच्या व्याकरणातच नाही. उत्क्रांती कितीही हुशार असली तरी श्रेणीने जे वगळलंय ते तिला सापडणार नाही. शॉप-2 ने उपटास्क एकमेकांत मिसळायची मुभा दिली ती याच कारणाने. तेव्हा अल्गोरिदमला हात लावण्याआधी डोमेन उघडा आणि हाताने, कागदावर, तुम्हाला हवा तो स्वस्त प्लॅन विघटनातून काढून बघा. निघत नसेल तर एकतर मेथडींमधला क्रम सैल करा, नाहीतर 'फेरी' नावाची मधली टास्क घाला, जी एका ट्रकला पार्सलांचा गठ्ठा देते. मी पाहिलेल्या अशा तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात.

डोमेन दुरुस्त केलं असं धरून पुढे जाऊ.

प्लॅनर चालताना तो खरोखर निर्णय घेतो अशा जागा तीनच प्रकारच्या असतात: ही टास्क कोणत्या मेथडने फोडायची, मेथडीतल्या मोकळ्या चलांना कोणत्या वस्तू द्यायच्या, आणि तयार असलेल्या टास्कांपैकी आधी कोणती उचलायची. बाकी सगळं यांत्रिक आहे. तुमच्या बाबतीत कोणतं पार्सल कोणत्या ट्रकला, एवढ्या एकाच बाबीच्या शक्यता 4 च्या 40 व्या घाताइतक्या, म्हणजे 1 वर 24 शून्यं द्यावीत त्याहून जास्त. आकडा अवाढव्य वाटतो, पण यातला जवळजवळ प्रत्येक बिंदू हा कुठल्यातरी वैध प्लॅनचा पत्ता आहे. मघाचा अवकाश वाळवंटासारखा होता; हा मोठा आहे, पण वस्ती असलेला आहे.

हे निर्णय क्रोमोसोममध्ये कसे मांडायचे? सुचणारी पहिली पद्धत म्हणजे पूर्णांकांची सरळ रांग. डिकोडर, म्हणजे क्रोमोसोम वाचून प्लॅन उभा करणारा प्लॅनर, निवडीच्या जागेवर आला की पुढचा आकडा उचलतो, उपलब्ध पर्यायांच्या संख्येने भागतो आणि बाकी येईल तो पर्याय घेतो. रायन, कॉलिन्स आणि ओनील यांच्या 1998 च्या ग्रॅमॅटिकल इव्होल्यूशनची हीच कल्पना. ती इथे चपखल बसते असं वाटतं, कारण मेथडी दिसायला संदर्भमुक्त व्याकरणाच्या नियमांसारख्याच असतात. अर्ध्या दिवसात लिहून होते आणि पहिल्या पिढीपासून वैध प्लॅन येतात, म्हणून सगळे खूश होतात. मीही झालो होतो. अडचण नंतर कळते. रांगेतला तिसरा आकडा बदलला की तिथे वेगळी मेथड निवडली जाते, तिला उपटास्क कमी किंवा जास्त असतात, आणि तिथून पुढच्या प्रत्येक आकड्याचा अर्थ सरकतो. बाराव्या पार्सलासाठी असलेला आकडा आता अकराव्याच्या ट्रकचा रस्ता ठरवतो. मग क्रॉसओव्हरमध्ये आईबापांकडून मुलाला गुण मिळत नाहीत, नुसते आकडे मिळतात. तुम्ही ज्याला उत्क्रांती म्हणता तो यादृच्छिक शोध असतो, फक्त जरा थाटामाटात केलेला.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक निर्णयाला पत्ता देणे. रांग टाकून द्या आणि कोश ठेवा. किल्ली म्हणजे टास्कचं नाव आणि तिच्या वस्तू, उदाहरणार्थ 'पोचवा, पार्सल-12'. किंमत म्हणजे 0 ते 1 मधले काही दशांश आकडे: एक मेथड निवडायला, एक ट्रक निवडायला, एक प्राधान्याला. डिकोडर त्या टास्कशी आला की तिच्या पत्त्यावरचे आकडे वाचतो. पार्सल-12 चं जनुक कुठल्याही क्रमाने गाठलं तरी पार्सल-12 बद्दलच बोलतं. तीच टास्क प्लॅनमध्ये अनेकदा येत असेल, जशी 'ट्रक-2 ला अमुक जागी न्या' येते, तर पत्त्यात तिच्या वरच्या टास्कचं नावही घाला. पूर्ण मुळापासूनचा मार्ग पत्ता म्हणून वापरू नका, तो फार नाजूक होतो. एखादी पातळी वर पुरे. कोशात पत्ता नसेल तर डिकोडरने प्लॅनरची मूळ पहिली पसंती घ्यावी. यामुळे एक छान गोष्ट फुकट मिळते: रिकामा कोश म्हणजे तुमचा आजचा, झटक्यात मिळणारा प्लॅन. तो पहिल्या पिढीत जरूर टाका. डोमेन लिहिणाऱ्याने मेथडी ज्या क्रमाने लिहिल्या त्यात त्याचं शहाणपण असतं. 2020 च्या आंतरराष्ट्रीय प्लॅनिंग स्पर्धेत श्रेणीबद्ध प्लॅनिंगचा विभाग पहिल्यांदा आला, आणि त्यातली पूर्ण-क्रमाची शर्यत हायपरटेन्शन नावाच्या प्लॅनरने जिंकली. त्याचा गाभा म्हणजे आधी डोमेनवर केलेली थोडी प्रक्रिया आणि मग सरळसोट खोलात जाणारा शोध. चांगल्या लिहिलेल्या मेथडी स्वतःच किती वाट दाखवतात हे त्यातून दिसतं.

क्रमासाठी दशांश आकडेच का, असं विचाराल. टास्कांची क्रमवारी सरळ पर्म्युटेशन म्हणून ठेवली तर क्रॉसओव्हरनंतर टास्क दोनदा येतात किंवा गळतात, आणि शिवाय मेथडींनी घातलेला आधी-नंतरचा दंडक मोडतो. बीन यांनी 1994 मध्ये मांडलेल्या रँडम कीज हा त्यावरचा जुना पण अजून न गंजलेला तोडगा आहे. प्रत्येक टास्कला एक आकडा द्यायचा. डिकोडरने त्या क्षणी तयार असलेल्या, म्हणजे आधीची सगळी कामं झालेल्या टास्कांतून सर्वांत मोठ्या आकड्याची उचलायची. कुठलेही आकडे द्या, क्रम वैधच निघतो.

तिसरा पर्याय विघटनाचं झाडच क्रोमोसोम मानण्याचा. जेनेटिक प्रोग्रॅमिंगची सवय असलेल्यांना हाच आवडतो: दोन झाडांत एकाच नावाच्या टास्कच्या फांद्या शोधायच्या आणि अदलाबदल करायची. कागदावर हे देखणं आहे. पण व्याकरणाच्या झाडात आणि विघटनाच्या झाडात एक फरक आहे, आणि तोच डसतो. व्याकरणातली फांदी कुठेही लावा, चालते. इथली फांदी ज्या अवस्थेत वाढली त्या अवस्थेला बांधलेली असते. एका आईच्या झाडात ट्रक-3 तेव्हा गोदामात होता, दुसरीच्यात तो भलतीकडे आहे. कलम केलेल्या फांदीची पहिलीच क्रिया अडते. म्हणून झाड वापरायचंच तर दुरुस्ती हवी. मूळ अवस्थेपासून झाड पुन्हा चालवत या; जिथे पूर्वअट मोडेल तिथे फक्त त्या टास्कचं विघटन नव्याने करा; तेही जमलं नाही तर एक पातळी वर चढा आणि तिथून प्लॅनरला मोकळा सोडा. दुरुस्त झालेलं झाड क्रोमोसोममध्ये परत लिहायचं की फक्त गुण मोजण्यापुरतं वापरायचं, यावर लामार्क (कमावलेले गुण वारशात जातात) आणि बाल्डविन (जात नाहीत, पण निवडीवर परिणाम करतात) यांची नावं घेऊन वाद घालता येतो. मी परत लिहितो. न लिहिल्यास तीच मोडलेली फांदी पिढ्यान्पिढ्या दुरुस्त करत बसावं लागतं.

माझी पसंती विचाराल तर पत्त्यांचा कोश. झाडाची कलमं मी तेव्हाच करतो जेव्हा मेथडी खूप आणि खोल असतात आणि वस्तूंची निवड गौण असते.

डिकोडर हा या सगळ्याचा कणा आहे आणि त्यावर लोक सर्वांत कमी वेळ घालवतात. तो ठाम असला पाहिजे: तोच कोश दिला की तोच प्लॅन, दर वेळी. कोशाने सुचवलेला पर्याय चालला नाही तर पुढचा कोणता घ्यायचा याचा क्रम पक्का ठरवा. बॅकट्रॅकिंगला (मागे फिरून दुसरा पर्याय बघण्याला) मर्यादा घाला, नाहीतर एखादा वाईट क्रोमोसोम अख्खी पिढी अडवून धरतो. खोलीला मर्यादा घालणं तर सक्तीचंच, कारण 'तिथे जा' ही टास्क 'एक रस्ता पार करा आणि मग तिथे जा' अशी स्वतःलाच बोलावते. इरोल, हेंडलर आणि नाऊ यांनी नव्वदच्या दशकातच सिद्ध केलं की सर्वसाधारण एचटीएनमध्ये प्लॅन अस्तित्वात आहे की नाही हेच अनिर्णेय आहे. मर्यादेशिवाय तुमचा डिकोडर कधी थांबेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. आणि 'तिथे जा' सारख्या तळाच्या टास्कसाठी उत्क्रांती वापरूच नका. तिथे सर्वांत जवळचा रस्ता काढणारा साधा अल्गोरिदम बसवा. नाहीतर ट्रक गोल गोल फिरतात आणि उत्क्रांती बिचारी ते चकरा मारणं कमी करण्यात आयुष्य घालवते.

वरचे निर्णय उत्क्रांतीला आणि खालचे शोधाला, ही वाटणी माझी स्वतःची नाही. शोनाउएर, साव्हेआं आणि विदाल यांचा 2006 चा डिव्हाइड-अँड-इव्हॉल्व्ह साध्या प्लॅनिंगमध्ये हेच करतो: उत्क्रांती मधल्या थांब्यांची माळ घडवते, आणि एका थांब्यावरून दुसऱ्यावर जायचं काम दुसऱ्या प्लॅनरकडे असतं. याहएसपी या वेगवान प्लॅनरबरोबर जोडलेल्या त्याच्या आवृत्तीने 2011 च्या स्पर्धेत कालबद्ध प्लॅनिंगच्या विभागात बाजी मारली. श्रेणीबद्ध डोमेनमध्ये तर हे थांबे तुम्हाला आयते मिळतात, वरच्या टास्कांच्या रूपाने.

फिटनेसबद्दल. खर्च आणि दंड यांची बेरीज करू नका, त्यातूनच रिकामी यादी जन्मली. देब यांचा 2000 सालचा नियम सरळ आहे: वैध आणि अवैध यांत वैध जिंकतो, दोन्ही वैध असतील तर स्वस्त जिंकतो, दोन्ही अवैध असतील तर ज्याचं कमी बिघडलं तो. इथे 'कमी बिघडलं' म्हणजे न फोडता राहिलेल्या वरच्या टास्कांची संख्या. डिकोडर नीट लिहिला तर अवैध क्रोमोसोम विरळच येतात. इंधन आणि लागणारा वेळ अशी दोन मापं असतील तर वजनं लावण्याच्या भानगडीत न पडता एनएसजीए-2 (अनेक मापांवर एकदम शोधणारा जेनेटिक अल्गोरिदम) वापरा. एकच ट्रक सगळं वाहून इंधन वाचवतो आणि चारही ट्रक धावले तर वेळ वाचतो. मधल्या तडजोडींची रांग समोर दिसली की निर्णय घेणाऱ्याला बोलणं सोपं जातं.

आणि तुमच्या डोमेनमधली प्रत्येक फट उत्क्रांती शोधून काढेल याची तयारी ठेवा. एका कामात रोबोंच्या चार्जिंगचा वेळ मी क्रियेत न धरता मेथडीच्या खर्चात धरला होता. तीच चार्जिंगची क्रिया दुसऱ्या एका मेथडीतूनही येत होती, आणि तिथे ती फुकट होती. साध्या शोधाने ते कधीच पाहिलं नव्हतं. उत्क्रांतीने काही पिढ्यांत सगळे रोबो त्या फुकटच्या दारातून आत-बाहेर करायला लावले आणि आलेख बघून आम्ही एकमेकांची पाठ थोपटली. प्लॅन वाचायला घेतला तेव्हा कळलं. तेव्हापासून मी खर्च फक्त मूळ क्रियांवर लावतो आणि दर काही पिढ्यांनी सर्वोत्तम प्लॅन स्वतंत्र पडताळणी करणाऱ्या प्रोग्रॅममधून काढतो, डिकोडरच्या शब्दावर विसंबत नाही.

आता जे ऐकायला फारसं कोणाला आवडत नाही ते. हा सगळा डोलारा उभारण्याआधी, त्याच डिकोडरवर, तेवढ्याच वेळात दोन गोष्टी चालवा. एक, यादृच्छिक कोश बनवत राहा आणि सर्वांत चांगला ठेवा. दोन, एकच प्लॅन घ्या, त्यातल्या चार-पाच वरच्या टास्क उचकटा, त्या पुन्हा फोडा, सुधारलं तर ठेवा. दुसरी पद्धत अनेकदा लोकसंख्या (एका पिढीतले सगळे क्रोमोसोम), क्रॉसओव्हर, सगळ्याला मात देते. क्रॉसओव्हर तेव्हाच कामाचा जेव्हा एका प्लॅनमधला चांगला भाग आणि दुसऱ्यातला चांगला भाग एकमेकांच्या आड न येता जोडता येतात. तुमच्याकडे ते संभवतं, कारण एका ट्रकची पार्सलं दुसऱ्याच्या वाट्याला फारशी धक्का लावत नाहीत. तेव्हा क्रॉसओव्हर करायचाच तर एका ट्रकच्या सगळ्या पार्सलांचे पत्ते एकत्र उचला. सुटे आकडे नाणं उडवून वाटू नका. जिथे सगळे एका क्रेनसाठी रांगेत उभे असतात तिथे मी क्रॉसओव्हर बंद करतो.

रोज नवीन पार्सलं येत असतील आणि दर वेळी उत्क्रांती चालवायला वेळ नसेल, तर प्लॅनऐवजी पसंतीचा नियम उत्क्रांत करणं हा वेगळा आणि मला जास्त भावलेला रस्ता आहे. आलेर, बोराहो आणि इसासी यांनी 2002 मध्ये जेनेटिक प्रोग्रॅमिंगने प्लॅनरचे नियंत्रण-नियम सुधारले, ते याच जातीचं काम. तुमच्यासाठी सोपं रूप असं: मेथड किंवा ट्रक निवडताना अंतर, सध्याचा भार, उरलेली जागा अशा पाच-सहा गोष्टींची, प्रत्येकीला वजन देऊन, बेरीज करायची, आणि ती वजनं सीएमए-ईएस या दशांश आकड्यांवर चालणाऱ्या उत्क्रांती-पद्धतीने शोधायची. खर्च एकदाच, नंतर प्लॅन झटक्यात. सरावाचे प्रश्न आणि परीक्षेचे प्रश्न वेगळे ठेवा, नाहीतर वजनं त्या सरावातल्या नकाशालाच पाठ करतात. मेथडीच शून्यातून उत्क्रांत करण्याचा मोह मात्र टाळा. त्या शिकायच्याच असतील तर उदाहरणं म्हणून दिलेल्या प्लॅनमधून शिकणाऱ्या पद्धती आहेत, 2008 चा एचटीएन-मेकर त्यांपैकी एक.

राहिला तुमचा शेवटचा उपप्रश्न, जीपीयूचा. डिकोडर हा फांद्या फुटणारा, प्रतीकांशी खेळणारा कोड आहे. जीपीयूला तो मानवत नाही. प्रत्येक क्रोमोसोम स्वतंत्र उलगडतो, तेव्हा सीपीयूच्या जेवढ्या कोअर आहेत तेवढ्यांवर वाटा. त्याआधी प्लॅनर पायथनमध्ये असेल तर अवस्थेची प्रत काढायला किती वेळ जातो ते प्रोफायलरने मोजा. पिढीत 50 ते 100 क्रोमोसोम पुरतात. माझ्या अनुभवात लोकसंख्या दुप्पट करून जे मिळालं नाही ते प्रत काढणं बंद करून, क्रिया उलट फिरवायची सोय केल्यावर मिळालं.